चार्जरची भिंत

“याच्या मागं काय आहे, मॅडम?” धर्मपालनं पोर्चच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत विचारलं आणि विजयमाला म्हणाली, “काही नाही.”

बोलून गेली आणि मग दचकली. भिंतीमागं खोली होती आणि खोलीत फरशीपासून स्लॅबपर्यंत कापूस भरलेला होता. असा ठासून, की दार जरा किलकिलं केलं तरी फटीतून पुंजके डोकावायचे आणि दार लावताना ते बोटानं आत कोंबावे लागायचे. हा कापूस दिवाळीनंतर आला, हिवाळाभर राहिला, होळी झाली तरी राहिला आणि आता मे महिन्यात यवतमाळच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी जागचा हलला नव्हता. एवढ्या ऐवजाला ‘काही नाही’ म्हणायचं म्हणजे कमालच होती. पण धर्मपालला त्याचं काय? तो चार्जर बसवणाऱ्या कंपनीचा माणूस, लोहाऱ्याहून मोटारसायकलवर आलेला, आणि त्याला अजून दोन घरं करायची होती. त्यानं मोबाईलमध्ये कुठंतरी बोट दाबलं, खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर एक फुली मारली आणि खुशीत म्हणाला, “मग तं कामच सोपं झालं. इथं बॉक्स बसवू, इथूनच आरपार होल मारू आणि आतून केबल नेऊ तुमच्या मेन बोर्डापर्यंत. रविवारी येतो ड्रिल घेऊन. टेन्शन नका घेऊ.” विजयमाला “हो” म्हणाली. हे दुसरं खोटं. पहिल्याच्या मागून ते आपसूक आलं, त्याला काही कष्ट पडले नाहीत.

त्याची मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाल्यावरही ती त्या फुलीकडे बघत उभी राहिली. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागं तिची उभी हयात गेली. कोणत्या डब्यात काय आहे हे नेमकं सांगणं हेच तिचं काम. ही पांढरी गोळी जेवणाआधी, ही पिवळी जेवल्यावर, हे बाटलीतलं हलवून घ्यायचं. माणसं तिचं ऐकून निश्चिंत मनानं घरी जातात. आणि स्वतःच्या घराच्या खोलीत काय आहे, असं एका परक्या माणसानं विचारलं तर काही नाही! लाज वाटली असेल का? चकचकीत विजेची गाडी दारात आणि मागं कापसाची खोली, असं दिसू नये म्हणून? पण कापसाची लाज वाटावी अशी ती कुठली कोण लागून गेली होती. दारव्ह्याच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की तिचं गाव, तिथंच ती पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळींत खेळून वाढली. मग भीती? ‘कुणाचा कापूस?’ असा पुढचा प्रश्न आला असता तर? त्याचंही उत्तर सोपं होतं. भावाचा. नानाजीदादाचा. यात न सांगण्यासारखं काय आहे? की जे आपलं नाही ते आपल्याच घरात असलं तरी माणसाच्या तोंडून ‘काही नाही’च निघतं? ती आत गेली, माठातलं पाणी प्याली आणि विचारांचं हे भेंडोळं तसंच टाकून कुकर लावायला लागली. पण मनगटाच्या आतल्या बाजूला पुन्हा चुणचुणायला लागलं होतं. तिनं ब्लाउजची लांब बाही खाली ओढून घेतली. घरी पाहायला कुणी नव्हतं, तरी ओढली.

खरं म्हणजे सगळा घोळ गाडीपासूनच सुरू झाला होता. रोजचं दारव्हा जाणं-येणं, कधी एसटी, कधी माणसं कोंबलेली जीप; गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं मनाशी ठरवलं की आता आपली गाडी. नानाजीचा मुलगा रजत पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो फोनवर म्हणाला, “आत्या, आता पेट्रोलची घेऊ नकोस,” आणि त्याच्या बोलण्यातला ठामपणा तिला इतका आवडला की तिनं विजेचीच घेतली. गाडी आली, पेढे झाले, आणि मग तिला कळलं की खरी परीक्षा पुढंच आहे. रजत म्हणे, भिंतीवरचा मोठा चार्जरच घे, सात किलोवॉटचा, तीन-चार तासांत गाडी फुल्ल. शोरूमचा पोरगा म्हणे, कशाला मॅडम, तुमचं रनिंग ते किती, गाडीसोबत आलेला छोटा चार्जर आहे, पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर रात्रभर लावून ठेवा. शेजारचे मधुसूदनराव, कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, कंपाउंडवरून मान काढून म्हणाले, “चार्जरचं नंतर पाहू हो, आधी अर्थिंग! तुमच्या प्लॉटला काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग सुटतं. मुरूम लागेपर्यंत खणा.” वीज कंपनीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, मंजूर भार किती आहे? तिला माहीत नव्हतं. आपल्या घराला किती भार मंजूर आहे, हे पन्नाशी उलटून गेलेल्या बाईला ठाऊक नसावं याचं तिला त्या रांगेत उभ्या उभ्या फार विचित्र वाटलं होतं. प्रत्येक जण खात्रीनं बोलत होता आणि प्रत्येकाची खात्री दुसऱ्याच्या खात्रीला छेद देत होती. तिला वाटे, कुणीतरी खिडकीतून हात बाहेर काढून नुसतं एवढं सांगावं: सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्यासोबत. ती निमूट घेईल.

आणि गंमत अशी की पंधरा अँपिअरचा एक पॉइंट घरात होता. घर बांधताना तिनं हौसेनं तो पोर्चलगतच्या खोलीत काढून घेतला होता. त्या खोलीत निवृत्तीनंतर एसी लावायचा, वेताची एक खुर्ची टाकायची आणि उन्हाळाभर पडद्याआड वाचत बसायचं, असा तिचा बेत होता. कुणाला सांगितलेला नव्हता, त्यामुळे कुणी मोडलाही नव्हता. तो पॉइंट आता कापसाच्या ढिगामागं गाडला गेला होता. म्हणजे गाडी पोर्चमध्ये, विजेचा पॉइंट भिंतीपलीकडे, आणि मध्ये दादाचा कापूस. त्यामुळे दोन दिवसांआड ती नागपूर रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या आवारात जाऊन गाडी चार्जिंगला लावून बसे. ट्रकवाले, नागपूर-हैदराबाद करणारी कुटुंबं, त्यांची रडणारी मुलं. त्यांच्यात ही एकटी बाई चहाचा कप समोर ठेवून, जणू गाडी दवाखान्यात भरती आहे आणि आपण सोबतीला आलोय. दुसऱ्या भिंती पाहून झाल्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर असं ऊन, की तिथं चार्जर लावला तर तोच तापून बंद पडेल. मधुसूदनरावांकडची भिंत अर्धी त्यांची. फाटकाजवळची उघड्यावर, वर पाण्याची टाकी गळणारी. उरली ही एक. जिच्यामागं काही नाही.

कापूस आला त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं आणि तरी त्यातलं नेमकं काय झालं ते हाती लागत नव्हतं. दादाचा फोन आला. “विजू, तुही ते पोर्चजवळची खोली रिकामी हाय न?” ती “हाय” म्हणाली. बस. मग ट्रॅक्टर-ट्रॉली येऊन दारात उभी. माणसांनी गठड्या सोडून खोलीत रिकाम्या केल्या, वर चढून पायांनी कापूस दाबला. पुन्हा गठड्या, पुन्हा दाबणं. दादा दारात उभा राहून सूचना देत होता आणि ती स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होती. जाताना तो म्हणाला, “भाव आला का नेतो.” किती दिवस, कशासाठी, गावातल्या तुझ्या घरी जागा नाही का, यातलं ती काही बोलली नाही. पुढं कुणी विचारलं तर ती दादाचं ते वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची, भाव आला का नेतो, आणि हसायची. पण हसणं संपल्यावर छातीत काहीतरी टोचायचं. एकट्या बाईच्या घरात जागा असतेच, असं सगळ्यांना वाटतं. तिच्याकडे लग्नाचे पाहुणे उतरवता येतात, परीक्षेला आलेली मुलं ठेवता येतात, कापूस ठेवता येतो. लग्न झालं असतं तर गाव तिचं माहेर झालं असतं आणि भावाला विचारून तरी आणावं लागलं असतं. लग्न झालं नाही. मग ते गाव तिचं कोण? रोज जाता-येता फाटा लागतो. फाट्यावरची पानटपरी, पाटीवरचं गावाचं नाव, आतल्या रस्त्यावरच्या बाभळी दिसतात, आणि ती सरळ पुढं निघून जाते. वळायला काही कारण असावं लागतं. सासरी नांदणाऱ्या मुलीला ते असतं, हिला ते कधी सापडलंच नाही.

यंदा आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती आल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला होता. दरवर्षी होळी झाली की दादा यायचा, जाताना तिच्या हातात एक पाकीट कोंबायचा आणि म्हणायचा, “हा तुहा फगवा.” सरकारी पगार घेणाऱ्या बहिणीला कसला होळीचा फगवा! तिला संकोच व्हायचा, ओझंही व्हायचं. ती ते पैसे न वापरता बँकेत टाकून द्यायची. यंदा होळीनंतर दादा आला, कापसाच्या खोलीत डोकावला, चहा प्याला आणि तसाच गेला. पाकीट नाही. आपल्याला पैशाची गरज नाही, मग हे लक्षात का राहिलं? बिकट साल होतं, गावोगाव कापूस घरात पडून होता, अशात भावानं काही द्यावं ही अपेक्षाच वाईट. तरी त्या रात्री जेवताना तिला एकदम पोरकं वाटलं होतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नसतं.

शुक्रवारी दवाखान्यात नेहमीसारखीच गर्दी. हातावर, मानेवर लाल चट्टे घेऊन एक म्हातारी खिडकीशी आली. तिची चिठ्ठी वाचायच्या आधीच विजयमालानं विचारलं, “घरात कापूस आहे का?” हा प्रश्न ती गेले दोन महिने दिवसातून कितीदा तरी विचारत होती, साठवलेल्या कापसातले बारीक किडे चावतात, अंगाला खाज सुटते, घरोघरची हीच कथा. म्हातारी तोंडभर हसली. “हाय न बाई. पार छतालोक. आम्ही त्याच्यावरच झोपतो!” किती सहज. जणू घरात लेकी-सुना आहेत का, असं विचारलं. विजयमालानं तिला मलमाची ट्यूब दिली, दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर, आणि खिडकीखाली लपलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. तीच ट्यूब तिच्या पर्समध्ये होती. बाहेरच्या दुकानातून, स्वतःच्या पैशानं, दुकानदाराला “शेजारणीला पाहिजे” म्हणून घेतलेली. म्हणजे ‘काही नाही’ हे काही धर्मपालपासून सुरू झालं नव्हतं.

आम्ही त्याच्यावरच झोपतो. परतताना गाडी चालवता चालवता ते वाक्य तिला सोडेना. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे आठवणींना जास्तच मोकळं रान मिळतं. लहानपणी माजघराच्या पलीकडची खोली अशीच भरायची आणि ती ढिगावर चढून पार वर जाऊन झोपायची. इतकी वर, की हात लांबवला की छताच्या लाकडी फाट्यांना लागायचा. थंडीत कापूस आतून उबदार असायचा, सरकीचा तेलकट वास यायचा, आणि बाबा खालून ओरडायचे, “उतर वं, पाय मयके हायेत तुहे!” मग तेच वर चढून तिला काखेत मारून उतरवायचे. बाबांची एक रीत होती. एका वावरातला कापूस दुसऱ्या वावरातल्यात कधी मिसळू द्यायचे नाहीत. मोठ्या वावराचा ढीग वेगळा, नाल्याकडचा वेगळा, आणि कोपऱ्यात दारामागं चिंचेच्या वावराचा. ‘ते विजूचं वावर,’ घरात सगळे म्हणायचे, कारण ती जन्मली त्या वर्षी ते घेतलेलं. घरच्या गाईचं एखादं वासरू पोराच्या नावानं असतं ना, तसं. वासरू मोठं झालं की बाजारात जातं आणि पोराला कुणी विचारत नाही. त्या वावरात वेचणीच्या पहिल्या दिवशी आई दहीभात घेऊन जायची, पऱ्हाटीच्या बुडाशी ठेवायची, आणि पहिलं बोंड विजूच्या हातानं वेचायचं असा दंडक. तिच्या मुठीत मावेल एवढाच पुंजका. तो मऊ की टोचरा, हे तिला अजूनही सांगता आलं नसतं, दोन्ही असायचा. बाबा गेल्यावर तलाठ्यानं सातबाऱ्यावर भावाबहिणीची नावं लावली, दादानं जिथं सांगितलं तिथं तिनं सही केली, आणि वावर तिच्या मनातून निघून गेलं. म्हणजे गेलं असं तिला वाटत होतं. मग फाटा आला तेव्हा तिचा पाय ब्रेककडे का गेला? मागच्या टिप्परनं हॉर्न मारला. तिनं गाडी सरळ पुढं काढली.

घरी आल्यावर तिनं खोलीचं दार उघडून पाहिलं. आतून तीच ऊब आली आणि तोच वास. ड्रिलचं टोक आत आलं की कापूस त्याला गुंडाळला जाईल, गरगरेल, तापेल. एक ठिणगी पुरे. दादाचं वर्ष, तिचं घर, पोर्चमधली गाडी, सगळं एका फुलीवर येऊन थांबलं होतं आणि ती फुली तिच्या शब्दावर मारलेली होती. धर्मपालला फोन करून खरं सांगणं सरळ होतं. पण ‘मी खोटं बोलले’ असं म्हणण्याऐवजी खोटंच खरं करून टाकावं, म्हणजे खोली रिकामी करावी, हा उपाय तिला जास्त सोपा वाटला, आणि तो कसा काय सोपा वाटला हेही तिला कळलं नाही. तिनं दादाला फोन लावला. “दादा, कापूस घेऊन जाय. रविवारी सकाळीच ये. मले खोली लागते.” एवढं थेट ती आयुष्यात त्याच्याशी बोलली नव्हती. दादा म्हणाला, “बरं. तू म्हनते तं येतो.” फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र उलटंच, की आपण काहीतरी मोडलं. आणि काय मोडलं ते शनिवारभर शोधूनही तिला सापडलं नाही.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली फाटकात उभी राहिली. ट्रॉली रिकामी होती म्हणून फारच मोठी दिसत होती. नानाजी उतरला. पांढरा पायजमा, डोक्याला बांधलेला दुपट्टा. बाबांसारखाच आता खांद्यातून थोडा वाकलेला. पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, गाडीकडे कौतुकानं पाहिलं, “हिचा आवाजच नाई म्हनते रजत,” म्हणाला, आणि चहाचा घोट घेऊन मूळ विषयावर आला.

“खोली खाली कर म्हनते तं करून टाकू. पन आजचा भाव पाह्यला का तू?”

“मी कायले पाहू? तुहा कापूस, तू पाह्य.”

नानाजीनं कप खाली ठेवला. “माहा?”

“मंग कोनाचा?”

“अवं, हा चिंचेच्या वावरातला हाय. तुहा हाय हा. माहा तं मी संक्रांतीलेच इकला, भेटला त्या भावात. माह्या घरी एक बोंड नाई आता.”

विजयमालाला वाटलं की आपल्याला नीट ऐकू येत नाही. उन्हानं होतं असं कधी कधी. ती भिंतीला टेकली, नेमकी त्या फुलीवर. “मंग इतके साल?” तिनं विचारलं.

“इतके साल भाव राहे. मी इको आणि होळीले पैसे तुले आनून देओ. फगवा देतच होतो न तुले?”

“मले वाटे तू देतो.”

“मी कायले देईन? तुले पगार हाय!” तो हसला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला. “यंदा भाव पडला, विजू. माहा मी इकला, रडलो असतो तं एकटाच रडलो असतो. पन पडलेल्या भावात तुहा माल इकाचा, आणि मंग तुह्या मनात राह्यलं असतं का दादानं काहून इकला, तं?”

“मी म्हटलं असतं का काही?”

“तू काईच नाई म्हनत. तेच तं. तुह्या मनातलं कोनाले समजते? म्हनून तुह्या घरी आनून टाकला. म्हटलं, डोयापुढं राह्यला तं सांगशीन, इक म्हनून, नाई तं ठेव म्हनून. पाच-सहा महिने झाले, मी वाट पाहून राह्यलो. परवा तुहा फोन आला तं म्हटलं, चला, बोलली एकदाची.”

“पन तू मले सांगतलं काहून नाई, माहा हाय म्हनून?”

यावर नानाजी खरोखर चकित झाला. “आपला माल आपल्या घरी आनला, त्यात सांगाचं काय राह्यते?” तो म्हणाला आणि दुपट्ट्यानं मान पुसत आकाशाकडे बघायला लागला.

म्हणजे दादा तिच्या शब्दाची वाट पाहत होता आणि ती दादाच्या. मधे खोलीभर कापूस, आणि दोघंही तो चहा पिताना नुसता पाहत होते. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. कोणतं आधी आलं ते कळायला मार्ग नव्हता. फगवा दादाची माया नव्हती, तिचाच हिशेब होता, हे कळल्यावर वाईट वाटायला हवं. थोडं वाटलंही. इतकी वर्षं ज्याचं ओझं वाटत होतं ती तिचीच वस्तू होती आणि ज्यावर जीव लावला होता तो भावाचा हात निव्वळ पोचवणाऱ्याचा. पण मग स्वतःचा कापूस मातीमोल भावात विकून बहिणीचा तेवढा राखून ठेवणं, एका वावरातला दुसऱ्यातल्यात मिसळू न देता ट्रॉलीत भरून एवढ्या दूर आणणं, हे काय होतं? त्याला माया म्हणायचं की बाबांची रीत म्हणायचं? आणि ती स्वतः, सहा महिने ज्या ढिगाला नाकं मुरडत होती, ज्याच्या किड्यांनी तिचे हात खाल्ले, त्याच्या शेजारच्या खोलीत ती रोज झोपत होती. लहानपणी वर झोपायची, आता भिंतीला लागून, एवढाच फरक. गाव तिचं कोण, असं ती विचारत राहिली आणि गाव येऊन तिच्या खोलीत बसलं होतं. तिनं त्याला ‘काही नाही’ म्हटलं. ज्याला म्हटलं तो तिचा स्वतःचा कापूस होता. हे तिला इतकं लागलं की तिनं दादासमोरच पदर डोळ्यांना लावला.

“मंग?” नानाजीनं हळूच विचारलं. “भरू का ट्रॉलीत? जिनिंगवाला घेते म्हनते. आजच्या भावात.”

प्रश्न सरळ होता. उत्तर तिच्या तोंडात तयार होतं, शुक्रवारपासून तयार होतं: ने. खोली मोकळी होईल, चार्जर बसेल, पंधरा अँपिअरचा पॉइंट, एसी, वेताची खुर्ची, सगळं. विकून टाकण्यातच शहाणपण होतं. पावसाळा तोंडावर, माल पिवळा पडणार, वजन घटणार, हे तिलाही कळत होतं. पण दुसऱ्याचा होता तोवर तिला भावाशी देणंघेणं नव्हतं. आता ‘आजच्या भावात’ एवढं ऐकूनच अंगाची आग झाली. एवढ्याशाला? आईनं दहीभात ठेवलेल्या वावरातला, एवढ्याशाला? हा कुठला हिशेब, हे तिला स्वतःलाही समजावून सांगता आलं नसतं.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. धर्मपाल ड्रिलची पेटी आणि केबलचं वेटोळं घेऊन आत आला, ट्रॅक्टरला वळसा घालून. नानाजीला नमस्कार केला, पेटी उघडली, ड्रिलला लांब बिट बसवलं आणि सवयीनं भिंतीवर टकटक केली. “मॅडम, तुम्ही जरा फुलीवरून बाजूला होता का? आणि मागं काही नाही ना? आपलं एकदा विचारून घेतो.”

विजयमाला बाजूला झाली नाही.

“आहे,” ती म्हणाली. “माझा कापूस आहे.”

धर्मपालनं ड्रिल खाली घेतलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, नानाजीकडे पाहिलं, रिकाम्या ट्रॉलीकडे पाहिलं. “बाप रे,” तो म्हणाला. “बरं झालं सांगितलं. मग काढून घेता का? मी थांबतो तासभर.”

नानाजी खुर्चीत जरा पुढं सरकून बहिणीच्या तोंडाकडे पाहत होता, दिवाळीपासून पाहत असावा तसा.

“नाही,” विजयमाला म्हणाली. “आज नाही काढत.”

“मग चार्जर कधी लावू?”

“भाव आला की सांगते.”

हे तीच बोलली यावर तिचा क्षणभर विश्वास बसला नाही. नानाजीनं मान खाली घातली. तो हसत होता की काय, ते दुपट्ट्यामुळे दिसलं नाही. गाडीचं चार्जिंग संपत आलं होतं, उद्या दारव्ह्याला जायचं तर आज पुन्हा ते हॉटेलचं आवार, नाहीतर पुन्हा जीप, पुन्हा कोंबलेली माणसं, आणि आपण शहाण्या आहोत की खुळ्या हे तिला अजिबात कळत नव्हतं. मनगट पुन्हा चुणचुणायला लागलं होतं. तिनं बाही कोपरापर्यंत वर सारली आणि दोघांच्या देखत हात चांगला खाजवला.